कामणचा रस्ता आणि गाडीचं ॲव्हरेज

चिंचोटी नाक्यावर मुंबई–अहमदाबाद महामार्ग सोडून भिवंडीच्या दिशेने वळलं की कामणचा रस्ता सुरू होतो. वर तुंगारेश्वरची डोंगररांग, तिला लागून कामणदुर्ग, जवळून जाणारा वसई–दिवा रेल्वेमार्ग. पुढे पोमण, खारबाव करत हा रस्ता भिवंडीच्या अंजूरफाट्याला लागतो. गुजरातेतला माल भिवंडीच्या गोदामांत पोचवायचा तर घोडबंदरच्या गर्दीत न शिरता हा मार्ग सोयीचा पडतो, म्हणून कंटेनर आणि ट्रेलर इथून रात्रंदिवस जातात. त्यांच्या मधल्या फटीतून कामण-पोमणच्या गाळ्यांना माल आणणारे टेम्पो, 'छोटा हत्ती', प्रवासी भरलेल्या इको, रिक्षा, दुचाक्या आणि घरच्या मोटारी वाट काढतात. पावसाळ्यात खड्डे पडले आणि एखादा ट्रेलर बंद पडला की रांग थेट महामार्गाला भिडते. इंजिनं चालूच असतात. साध्या मोटारीचं इंजिन जागेवर चालू राहिलं तरी तासाला अर्धा ते एक लिटर इंधन खातं.

गाडीने किती इंधन खावं याचा सरकारी नियम आपल्याकडे आहे आणि सध्या त्यावर मोठा वाद चालू आहे. त्या नियमाचं नाव 'कॅफे', म्हणजे कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल एफिशिअन्सी. नावातला 'कॉर्पोरेट' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण नियम तुमच्या-माझ्या गाडीला नाही, कंपनीला लागू होतो. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या मोटारींची मिळून सरासरी काढायची आणि ती ठरलेल्या रेषेच्या खाली राहिली पाहिजे. एखादं मॉडेल कितीही पेट्रोल पीत असलं तरी कंपनी ते विकू शकते. त्याची भरपाई कमी खाणाऱ्या दुसऱ्या मॉडेलने करायची.

हा नियम ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ याखाली येतो आणि तो आखण्याचं काम केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीकडे आहे. पहिला टप्पा २०१७-१८पासून लागू झाला: सरासरी १,०३७ किलो वजनाच्या ताफ्याने १०० किलोमीटरला ५.४९ लिटरपेक्षा जास्त पेट्रोल खायचं नाही. दुसरा टप्पा २०२२-२३पासून आला: सरासरी वजन १,०८२ किलो, मर्यादा ४.७७ लिटर. हीच मर्यादा धुराच्या भाषेत किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड अशी सांगतात. दोन्ही आकडे एकच आहेत. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं, पण ते जळून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड सव्वादोन किलोहून जास्त भरतो, कारण पेट्रोलमधला कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू आपल्याबरोबर घेतो. त्यामुळे धूर कमी करायचा तर लिटर कमी जाळण्याखेरीज उपाय नाही. जो देश आपल्या गरजेतलं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो, त्याला हा नियम नुसत्या हवामानासाठी नाही, परकीय चलनासाठीही लागतो.

इथे एक गोष्ट थांबून समजून घ्यायला हवी, कारण ती कळली की पुढचा सगळा वाद सोपा होतो. आपण गाडीचं ॲव्हरेज विचारतो ते लिटरला किती किलोमीटर या हिशेबात. नियम मात्र उलटा मोजतो, १०० किलोमीटरला किती लिटर. फरक वाटतो त्याहून मोठा आहे. समजा दोघांची महिन्याला हजार किलोमीटर गाडी होते. एकाने लिटरला १२ देणारी गाडी विकून १५ देणारी घेतली; दुसऱ्याने २० देणारी विकून २५ देणारी घेतली. दुसऱ्याला पाच किलोमीटर जास्त मिळाले, पहिल्याला तीनच. तरीही पहिल्याचं पेट्रोल ८३ लिटरवरून ६७ वर आलं आणि दुसऱ्याचं ५० वरून ४० वर. बचत पहिल्याची जास्त. लिटरमागे शंभरच्या वर रुपये मोजणाऱ्या घरात ही बचत महिन्याला सोळा-सतराशे रुपयांची होते. म्हणजे देशाचं इंधन खरं वाचतं ते सर्वांत जास्त खाणाऱ्या, जड गाड्यांची भूक थोडीशी कमी केली की. आधीच कमी खाणाऱ्या छोट्या गाडीला आणखी पिळून हाती फारसं काही येत नाही.

आणि नेमकं इथेच आपल्या नियमाचं गणित मला खटकतं. मर्यादा सरसकट सगळ्यांना सारखी नाही, ती वजनावर चढते-उतरते. सध्याच्या सूत्रात ताफ्याचं सरासरी वजन १०० किलोने वाढलं की मर्यादाही ०.२ लिटरने वाढते. ज्या कंपनीच्या गाड्या सरासरी ९०० किलोच्या, तिला साधारण ४.४ लिटरमध्ये बसावं लागतं, म्हणजे लिटरला जवळपास २३ किलोमीटर. जिच्या गाड्या सरासरी १,५०० किलोच्या, तिला ५.६ लिटरची मुभा, म्हणजे लिटरला १८ किलोमीटरच्याही आत. हलकी गाडी बनवणाऱ्याला कडक पट्टी आणि जड गाडी बनवणाऱ्याला सैल. यामागचा युक्तिवाद असा की वेगवेगळ्या गरजांच्या गाड्या बाजारात राहिल्या पाहिजेत आणि मोठ्या कुटुंबाला लागणारी गाडी नियमाने हद्दपार होऊ नये. युक्तिवादात तथ्य आहे. पण गाडी हलकी करणं हा इंधन वाचवण्याचा सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय, आणि या सूत्रात तो उपाय करणाऱ्याला फायद्याचा बराच भाग परत द्यावा लागतो. वजन कमी केलं की मर्यादाही खाली सरकते.

कामणच्या रस्त्यावर तर वजनाचा प्रश्न जास्तच तीव्र होतो. मोकळ्या महामार्गावर वेगात जाणाऱ्या गाडीची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. थांबत-निघत चालणाऱ्या रांगेत हवेचा अडथळा नगण्य असतो. दर वेळी ब्रेक दाबला की गाडीला दिलेली गती उष्णता होऊन वाया जाते आणि पुन्हा निघताना तेवढंच वजन नव्याने ढकलावं लागतं. दीड टनाची गाडी आणि पाऊण टनाची गाडी यांच्या पेट्रोलमधला फरक अशा रांगेत उघडा पडतो.

२०२५च्या सप्टेंबरात ब्यूरोने तिसऱ्या टप्प्याचा मसुदा काढला आणि वादाला तोंड फुटलं. हा टप्पा एप्रिल २०२७पासून मार्च २०३२पर्यंतचा. त्यात १,१७० किलो सरासरी वजनाला धरून मर्यादा पहिल्या वर्षी साधारण ३.७३ लिटर आणि शेवटच्या वर्षी ३.०१ लिटर अशी टप्प्याटप्प्याने उतरवली आहे. वजनाचा उतार मात्र तोच, १०० किलोला ०.२ लिटर. शेवटच्या वर्षाचं गणित मांडून पाहा: ९०० किलोच्या ताफ्याला लिटरला ४० किलोमीटर गाठावे लागतील आणि १,५०० किलोच्या ताफ्याला २७. साध्या पेट्रोल इंजिनाच्या छोट्या गाडीला ४० गाठणं जवळपास अशक्य आहे, आणि सात-आठ लाखांच्या आतल्या गाडीत मोठी बॅटरी किंवा हायब्रिड यंत्रणा बसवली तर ती छोटी गाडी घेणाऱ्याच्या आवाक्यात राहत नाही.

म्हणून मसुद्यात छोट्या गाड्यांना सवलत सुचवली गेली. वजन ९०९ किलोपर्यंत, इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत असेल तर किलोमीटरला ३ ग्रॅमची सूट. त्याबरोबर वाहन उद्योगात सरळ दोन तट पडले. मारुती सुझुकीचं म्हणणं, छोटी गाडी कमी इंधन खाते, कमी जागा अडवते, दुचाकीवरून मोटारीकडे येणाऱ्या कुटुंबाची ती पहिली पायरी आहे, आणि नियमाने तिलाच सर्वांत जास्त झोडपायचं हे उलटं आहे. टाटा मोटर्स, महिंद्रा आणि इतरांचं म्हणणं, ९०९ किलोची रेषा एकाच कंपनीच्या गाड्यांना सोयीची पडते, आणि वजनावर सवलत दिली तर सुरक्षिततेसाठी घातलेलं पोलाद काढून गाडी हलकी करण्याचा मोह होईल. भारत एनकॅप ही अपघात-चाचणीची पद्धत २०२३च्या ऑक्टोबरात सुरू झाल्यापासून ग्राहकही तारे बघून गाडी घेऊ लागले आहेत, त्यामुळे हा मुद्दा पोकळ म्हणता येणार नाही.

दोन्ही बाजू आपापल्या कारखान्याच्या हिताने बोलताहेत, तो त्यांचा व्यवसायच आहे. मला मात्र वाटतं की भांडण चुकीच्या जागी चाललं आहे. तीन ग्रॅमची सूट हे ठिगळ आहे. फाटलेलं आहे ते उताराचं कापड. उतार सपाट केला, म्हणजे १०० किलोमागे मिळणारी मुभा निम्म्यावर आणली, तर छोट्या गाडीवरचा अन्याय आपोआप कमी होईल. मग ९०९ किलोची रेषा नको, कोणत्या एका कंपनीला झुकतं माप दिल्याचा आरोप नको. आणि जड गाड्या बनवणाऱ्यांना, ज्यांच्याकडे ग्राहकाकडून जास्त पैसे घेऊन चांगलं तंत्रज्ञान बसवायला वाव आहे, त्यांनाच खरा जोर लावावा लागेल. वर पाहिलेल्या लिटरांच्या हिशेबात देशाची जास्त बचतही तिथेच आहे.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. १९७३च्या तेलबंदीत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि १९७५ साली तिथे जगातला पहिला असा कायदा झाला. १९८५पर्यंत मोटारींना गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला बारा किलोमीटरच्या थोडं आत, ही पट्टी लावली. पण 'हलके ट्रक' या वर्गाला पट्टी सैल ठेवली, कारण तेव्हा ते शेतकरी आणि कारागिरांचं वाहन मानलं जाई. पुढे कंपन्यांनी घरगुती वापराच्या मोठमोठ्या एसयूव्ही याच वर्गात बसवल्या आणि रस्त्यांवर त्यांचंच राज्य झालं. नियमात जिथे पट्टी सैल असते, तिकडे बाजार सरकतो. २०२५मध्ये तर अमेरिकी संसदेने दंडाची रक्कमच शून्यावर आणली. नियम कागदावर राहिला.

आपल्याकडे दंड आहे आणि तो सणसणीत आहे. २०२२च्या दुरुस्तीनुसार, मर्यादा १०० किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत ओलांडली तर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे २५,००० रुपये, त्याहून जास्त ओलांडली तर ५०,००० रुपये. २०२४च्या नोव्हेंबरात बातम्या आल्या की २०२२-२३ या वर्षासाठी आठ कंपन्यांचा मिळून दंड ७,३०० कोटींच्या घरात जातो. कंपन्यांनी हरकत घेतली की दुरुस्ती १ जानेवारी २०२३ला अमलात आली, मग सबंध वर्षाचा दंड कसा? कायद्याच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. पण मर्यादेचा आकडा २०१५पासून जाहीर होता, हेही तितकंच खरं.

दंड टाळण्याची एक कायदेशीर वाटही नियमात आहे. विजेची गाडी हिशेबात धूर शून्य धरून मोजली जाते आणि वर एका गाडीच्या तीन धरल्या जातात. कल्पना करा, एका कंपनीने १०० किलोमीटरला ६ लिटर खाणाऱ्या तीन गाड्या विकल्या आणि एक विजेची. साधी सरासरी साडेचार लिटर. पण विजेची एक गाडी तीन धरली की भागाकार सहाने होतो आणि सरासरी येते ३ लिटर. रस्त्यावर जळणाऱ्या पेट्रोलमध्ये थेंबाचाही फरक पडलेला नसतो. विजेच्या गाड्यांना सुरुवातीला बळ द्यायला असा गुणाकार समजण्यासारखा होता. २०३२पर्यंत तो तसाच ठेवायचा का, यावर मात्र छोट्या गाडीच्या सवलतीइतकी चर्चा झाली नाही, आणि व्हायला हवी होती. आपली वीज अजून बहुतांशी कोळशावर होते, तेव्हा शून्य हा आकडाही पुरता खरा नाही.

आता चाचणीकडे येऊ, कारण सगळे आकडे शेवटी तिथून येतात. महाराष्ट्रात हे काम पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत होतं. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था देशातल्या वाहन-चाचणीचं मुख्य केंद्र. तिथे गाडी रस्त्यावर नेत नाहीत. चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात, रोलर रस्त्याइतकाच विरोध देतो आणि चालक समोरच्या पडद्यावरच्या वेगाच्या रेषेबरहुकूम गाडी चालवतो. हा ठरलेला खेळ सुमारे वीस मिनिटांचा: आधी शहरासारखं थांबणं-निघणं, मग मोकळ्या रस्त्यासारखी धाव, पण ताशी ९० किलोमीटरच्या वर नाही. एसी बंद. धूर पिशव्यांत गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि उलट गणित करून किती पेट्रोल जळलं ते काढतात. पद्धत अचूक आहे आणि सगळ्या गाड्यांना सारखी आहे, त्यामुळे तुलनेसाठी उत्तम. पण कामणला काय मिळणार ते ती सांगत नाही.

ते सांगतो इथल्या नाक्यावरचा कोणताही अनुभवी चालक. भाड्याची छोटी मोटार चालवणारे एक दादा माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या डॅशबोर्डात एक मळकी डायरी असते. पंप नेहमी तोच. टाकी फुल करताना नोझल पहिल्यांदा 'कट' झालं की ते थांबायला सांगतात. वर दोन ठोके मारून रुपये पुरे करू देत नाहीत, कारण तेवढ्याने हिशेब चुकतो. मग मीटरचा आकडा आणि लिटर डायरीत. पुढच्या वेळी दोन आकड्यांची वजाबाकी, भागिले लिटर. पानं उलटली की ऋतू दिसतात: जून-जुलैला आकडा घसरतो, गणपतीच्या आसपास खड्डे बुजले की सावरतो, मे महिन्यात एसीमुळे पुन्हा उतरतो. मी त्यांना कंपनीचा आकडा विचारला तेव्हा ते म्हणाले, "तो गाडी घेताना. नंतर आपला आपला."

युरोपने हीच डायरी प्रत्येक गाडीत बसवली आहे. २०२१पासून तिथे नव्या मोटारींत इंधन मोजणारी नोंदयंत्रणा सक्तीची आहे. युरोपीय आयोगाने २०२४मध्ये पहिले निष्कर्ष जाहीर केले: पेट्रोल गाड्या प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात साधारण २४ टक्के जास्त खातात, डिझेलच्या १८ टक्के. प्लग-इन हायब्रिडचं मात्र सगळं चित्रच उलटलं. प्रत्यक्षातला धूर कागदावरच्या साडेतीन पट निघाला, कारण लोक बॅटरी चार्ज न करता पेट्रोलवरच फिरतात. आपल्या हिशेबात याच प्लग-इन हायब्रिडला अडीच गाड्यांचं श्रेय मिळतं. भारतात २०२७पासून डब्ल्यूएलटीपी ही नवी, जास्त कडक चाचणी आणण्याचा प्रस्ताव आहे आणि तो चांगला आहे, पण रोलरची जागा रोलरच घेणार. गाडीने रस्त्यावर खरोखर किती खाल्लं हे आधुनिक गाडीच्या संगणकाला माहीतच असतं. तो आकडा, मालकाचं नाव-गाव काढून, सर्व्हिसिंगच्या वेळी ब्यूरोकडे जमा करण्याची तरतूद तिसऱ्या टप्प्यात असायला हवी. यात नवं यंत्र फारसं लागत नाही, इच्छा लागते.

ट्रकांचं काय, हा प्रश्न कामणला राहणाऱ्या माणसाच्या मनात आधी येईल. त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे आणि तो अवजड वाहनांना १ एप्रिल २०२३पासून लागू झाला. त्याची चाचणी एकसारख्या वेगावर होते, ताशी ४० आणि ६० किलोमीटर. मुंबई–नाशिक किंवा पुण्याच्या द्रुतगती मार्गावर ती काही अंशी जुळेल. चिंचोटी ते अंजूरफाटा या पट्ट्यात भरलेला ट्रेलर सलग पाच मिनिटं ४०च्या वेगाने गेला तर नशीब. आणि दुचाकी, ज्यांवर या भागातले बहुतेक कामगार कारखान्यात जातात, त्यांना इंधनाचा असा कोणताच नियम नाही.

मोटारींच्या मसुद्यावर कंपन्या बोलतात, त्यांच्या संघटना बोलतात, मंत्रालयं आपसांत बोलतात. नवी गाडी घेणाऱ्याचा आवाज निदान विक्रीच्या आकड्यांतून तरी पोचतो. पण गाडीचं आयुष्य पहिल्या मालकाकडे संपत नाही. मुंबईत पाच-सहा वर्षं चाललेली मोटार वसई-विरारच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात येते, तिथून कामण, शिरसाड, वाड्याकडे जाते आणि नोंदणीची पंधरा वर्षं पुरी होईपर्यंत, नूतनीकरण झालं तर त्यापुढेही, चालते. २०३२च्या मार्चमध्ये विकलेली गाडी २०४७ साली या रस्त्यावर असू शकते. तिने किती पेट्रोल खायचं ते आता ठरतं आहे आणि ते पेट्रोल भरणारा बराच काळ दुसरा किंवा तिसरा मालक असणार आहे. या चर्चेत त्याला कुणी विचारलेलं नाही.

ब्यूरोचे मसुदे जनतेच्या सूचनांसाठी खुले असतात, आणि नियमांत मधल्या काळातही दुरुस्त्या होत राहतात. वसई, भिवंडी आणि पालघरच्या टॅक्सी-टेम्पो चालकांच्या संघटनांनी आपल्याकडच्या डायऱ्यांतले आकडे एकत्र करून पाठवावेत असं मला मनापासून वाटतं. मोठा अहवाल लागत नाही. गाडीचं मॉडेल आणि वर्ष, आरसी बुकावरचं वजन, कंपनीने सांगितलेला आकडा, आणि टाकी-ते-टाकी मोजलेला वर्षभराचा आकडा, एवढ्या चार रकान्यांचं एक पान पुरेल.